एक गुंठा घरच्या ताटासाठी



ऊस विकास खात्याचा माणूस बांधावर आला म्हणजे तो बेणे, लागण, खताचा हप्ता आणि नोंद याशिवाय दुसरे काही बोलणार नाही, अशी आपली खात्री असते. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही आपणास उसाचे क्षेत्र कमी करा असे सांगणार आहोत. फार नाही, एक गुंठा. घराजवळचा, पाण्याच्या तोंडाशी असलेला एक गुंठा उसातून काढून घरच्या भाजीपाल्याला द्यावा, एवढेच म्हणणे आहे. काही सभासदांना हसू येईल, काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. हिशेब मांडून दाखवतो, तोवर थांबावे.

गटागटांतून फिरताना एक गोष्ट आम्ही नेहमी पाहतो. तीन-चार एकर ऊस, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. आणि कोथिंबिरीची जुडी मात्र आठवडी बाजारातून. बाजाराची पिशवी दोन-तीन दिवस पुरते. मग पुढच्या बाजारापर्यंत पिठलं, बटाटा, नाहीतर ठेचा-भाकरी. घरामागून पाट खळखळ वाहत असतो, पण त्याच्या काठाला मिरचीचे एक झाड नसते. ज्याच्या वावरात एवढे हिरवे, त्याच्या ताटात हिरवे दिसू नये, ही गोष्ट आम्हाला खटकते.

पूर्वी हे असे नव्हते. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई-परळीच्या अंगाला वेळ अमावस्या, आपल्या बोलीत येळवस, मोठ्या हौसेने करतात. त्या दिवशीची भज्जी म्हणजे शिवाराची हजेरीच. कोवळे तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ आणि वरून बेसन. जोडीला बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील. म्हाताऱ्या माणसांना विचारा, यातला बहुतेक जिन्नस घरच्या वावरातून यायचा. आता आदल्या दिवशी बाजारात हीच भाजी घ्यायला गर्दी असते, आणि त्या गर्दीत पाच एकरवाला ऊस बागायतदारही उभा असतो.

माजलगाव आणि मांजरा या धरणांचे पाणी आले, विहिरींना पाझर फुटले, ऊस वाढला. त्या उसावर मुलांची शिक्षणे झाली, घरांवर स्लॅब पडले. उसाला नावे ठेवणे आमचे काम नव्हे. आमची भाकरीही त्याच्यावरच आहे. पण उसाने ज्वारीची जागा घेतली तेव्हा ज्वारीबरोबर वावरात जे फुकट येत होते तेही गेले. बांधाची अंबाडी गेली, करडईच्या कोवळ्या पानांची भाजी गेली, हरभऱ्याचे शेंडे खुडायचे राहिले. शिवाय खुरपताना बायका ओच्यात भरून आणीत ती तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, केना ही रानभाजी. उसात अ‍ॅट्राझीन, मेट्रिब्युझीन, टू-फोर-डी ही तणनाशके आली. मजुरी वाचली, हे खरे. परंतु तणनाशकाला तण आणि तांदुळजा यांतला फरक कळत नाही.

हिशेब

आता आकड्यांकडे येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला सांगितला आहे. सहा माणसांच्या घराला दिवसाचे २ किलो ४०० ग्रॅम झाले, आठवड्याचे जवळजवळ १७ किलो. आपण बाजारातून आणतो ती पिशवी एकदा काट्यावर ठेवून पाहावी. त्यातून कांदे-बटाटे वजा करावेत आणि मग उरलेल्या आकड्याकडे पाहावे.

दुसरा आकडा उसाचा. एकरी ४० टन उतारा धरला तर एक गुंठा उसाला एक टन देतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, बेणे, खत, मजुरी आपली वेगळीच. काहीच वजा न करता पुरे ३,५५० धरले तरी वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागल्यावर दिवसाला दहा रुपयेदेखील पडत नाहीत. म्हणजे एक गुंठा ऊस आपल्या घराला रोजचे दहा रुपये देतो. दहा रुपयांची भाजी किती येते हे आमच्यापेक्षा घरातली माउली चांगले सांगेल. ज्याचा उतारा एकरी ६० टन आहे त्याने पंधरा रुपये धरावेत; त्यानेही फार काही बदलत नाही.

पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला वर्षभर भाजी पुरवायची तर साधारण अडीच गुंठे जागा लागते, असा परसबागेचा ढोबळ अंदाज सांगितला जातो. एका गुंठ्यात निम्म्याच्या आसपास गरज भागेल. आम्ही मुद्दामच एक गुंठा म्हणतो. ज्यांना जमेल त्यांनी पुढे वाढवावे, पण सुरुवातीलाच पाच गुंठे धरले की तण माजते आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा कांडी लावली जाते.

तिसरा आकडा सांगताना आम्हाला बरे वाटत नाही, पण सांगितला पाहिजे. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त. धाप लागते, चक्कर येते, पाय ओढतात, "अंगात जीव नाही" असे बाई म्हणते आणि पुन्हा कामाला लागते. कारणे पुष्कळ आहेत, केवळ भाजीने हे दूर होईल असे कोणी समजू नये, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. तरीसुद्धा ज्या घरात आठवड्यातले चार दिवस हिरवी भाजीच शिजत नाही, त्या घरात शेवटी जेवणारीच्या ताटात काय येत असेल? जी असेल ती भाजी आधी पुरुषांना, मग पोरांना. तिच्या वाट्याला रस्सा.

हा गुंठा कोणाचा?

याचे उत्तर शेजारच्या जिल्ह्यांतील महिलांनी देऊन ठेवले आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात महिला गटांबरोबर काम करीत आलेली, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली वाढलेली 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था पुष्कळांना ठाऊक असेल. दुष्काळाच्या वर्षांत या गटांतल्या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा एकर, एक एकर तुकडा स्वतःच्या विचाराने करायला मागून घेतला. काय पेरायचे हे त्या ठरवणार. त्यांनी बाजारात जाणारे पीक बाजूला ठेवले आणि आधी घरात खायचे लावले: ज्वारी, डाळी, भाजीपाला. शेणखत, घरचे बी, बेताचे पाणी. घरात पुरून उरले ते विकले. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आम्हाला यातली महत्त्वाची बाब पुरस्कार वाटत नाही. जमिनीचा तुकडा कारभारणीच्या हाती आला, ही वाटते. भाजी उगवणे अवघड नाही. अवघड आहे ते पाण्याच्या पाळीत तिचा वाटा ठरवणे. लाइट रात्री दोनला आली, मोटार सुरू झाली, की सगळे पाणी उसाच्या सरीत जाते; भाजीच्या वाफ्याचा नंबर शेवटचा, तोवर लाइट जाते. म्हणून आमची सूचना अशी की पाळी सुरू झाली की पहिली पंधरा मिनिटे त्या गुंठ्याची. हे एकदा घरात बोलून ठरवावे.

एक सभासद आम्हाला म्हणाले, "सायेब, बायकांना येळ कुठंय? सैपाक, ढोरं, खुरपणं, त्यात ही आणखी एक भानगड." बोलणे बरोबर आहे. तिच्याच अंगावर आणखी एक काम टाकायचे असेल तर ही परसबाग न केलेलीच बरी. कुंपण करणे, माती उकरणे, खत ओढणे आणि पाणी देणे ही पुरुषांची कामे. काय लावायचे, कधी खुडायचे, किती विकायचे आणि विकलेले पैसे कोठे ठेवायचे, हे तिने ठरवायचे. म्हाताऱ्या आईवडिलांना यात भारी गोडी असते, मुलांनाही असते. पहिली काकडी कोणी तोडली यावरून भांडणे होतात. ती होऊ द्यावीत.

आखणी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. जागा फडाच्या नैऋत्य कोपऱ्यात मिळाली तर उत्तम. ऊस डोक्याच्या वर गेला की थंडीत उत्तरेकडे लांब सावली टाकतो, म्हणून भाजी दक्षिणेला हवी. आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून फडावरच्या फवारणीचा शिंतोडा भाजीवर येऊ नये यासाठी ती पश्चिमेला हवी. घर दुसऱ्या बाजूला असेल तर घराजवळची जागाच धरावी. चालायला दूर असलेली परसबाग टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे.

चारही बाजूंनी तीन-तीन फूट पट्टा सोडावा. त्यात दोन शेवगे, एक कढीपत्ता, एक लिंबू, दोन-तीन पपया. कुंपणाला बाभळीच्या फांद्या किंवा जुन्या साड्या, आणि त्यावरच वाल, दोडके, कारले, घोसाळे चढवावे. शेळ्या अडतात. रानडुकरे उसातच मुक्काम ठोकून असतात, त्यांना साडी पुरेल असे नाही. पण घराजवळ माणसाचा वावर असला की ती थोडी दबकतात.

आत २७ फूट चौरस उरतो. त्यात चार फूट रुंदीचे पाच गादीवाफे, मध्ये दीड-दीड फुटाची वाट. चारच फूट का? तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. आपल्या काळ्या जमिनीत गादीवाफाच हवा, नाहीतर श्रावणात मिरची-वांग्याच्या मुळांशी पाणी साचून रोपे बसतात. शेणखत चांगले कुजलेले घालावे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी येते, हे ऊस उत्पादकाला सांगायला नको. कारखान्याच्या मळीचे खत मिळाले तर तेही पूर्ण कुजवूनच.

वाफा रिकामा ठेवू नये आणि सगळा एकदम पेरूही नये. सगळे चुकतात ते येथेच. एका दिवशी पाचही वाफ्यांत मेथी टाकली की महिन्याने गावभर मेथी वाटावी लागते आणि त्यानंतर दीड महिना काहीच नसते. दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरावे. मेथी आणि तांदुळजा २५ ते ३० दिवसांत हाती येतात, पालक महिन्याने आणि मग पुन्हा पुन्हा कापता येतो, मुळा व कोथिंबीर सव्वा-दीड महिन्यात, भेंडी-गवार दीड-दोन महिन्यांत. वांगी, मिरची, टोमॅटो ही रोपे लावून करायची. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बजवाडा येथे दीपक सुचदे यांनी परसबागेची गोल मांडणी केली होती, तिचे आठवड्याच्या वारांप्रमाणे सात भाग, ज्या दिवशी जो भाग त्या दिवशी तिथली भाजी. गोल करा की चौकोनी करा. रोज थोडे खुडायला मिळेल अशी पेरणी असणे, हे त्यातले खरे मर्म.

सुचदे हे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या विचारातून घडले. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' चालवला आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा नीट निर्वाह होऊ शकतो असे ते मांडीत. आम्ही दहावा हिस्सा मागतो आहोत.

ज्या सभासदाचे घर गावठाणात आहे आणि शेत लांब, त्याने निराश होऊ नये. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाजीपाला केला तो पिशव्या, पिंपे, जुने टायर यांत, आणि त्यात भरले काय तर मुख्यतः उसाचे चिपाड, वर थोडी माती. मुंबईत जे चिपाड आणून वापरावे लागले त्याचे आपल्याकडे ढीग पडतात. रसवंतीचे चिपाड, शेतातले पाचट, शेण आणि माती यांवर स्लॅबवर मिरच्या, टोमॅटो, पुदिना, कोथिंबीर चांगली येते. गवती चहा, तुळस, पानाचा ओवा, आले ही तर कडेला पडलेल्या फुटक्या घागरीतही येतात.

पाणी आणि पंप

दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर एका गुंठ्याला रोज ५०० लिटर होते आणि एकरभर उसाला २० हजार लिटर. उन्हाळ्यात याहून जास्त. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी ऊस वाचत नाही. पण सहा माणसांच्या आंघोळीचे, भांड्यांचे दीड-दोनशे लिटर पाणी तेव्हाही मोरीतून वाहून जातच होते, आणि पाचटाचे जाड आच्छादन घालून अर्ध्या गुंठ्यातली गवार, शेवगा, अळू तेवढ्यावर तग धरू शकतात. पाचट पेटवू नका असे आम्ही दरवर्षी सांगतो. निदान चार भारे तरी भाजीसाठी राखावेत.

मोरीच्या पाण्याबद्दल एक खबरदारी. हे पाणी केळ, अळू, पपई, शेवगा यांना द्यावे. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला, मुळ्याला, मेथीला नको. कपड्यांचे सोडा-साबणाचे पाणी तर रोज एकाच जागी सोडूच नये, जमीन खारवते. संडासाचे पाणी अजिबात नाही.

याहून महत्त्वाची खबरदारी पंपाची. उसावर ज्या पंपाने टू-फोर-डी मारले तोच पंप नुसता विसळून टोमॅटोवर वापरला की चार-आठ दिवसांत शेंडे पिळवटतात, पाने दोरीसारखी होतात. लोक म्हणतात रोग आला, औषध बदलून पाहतात. रोग नसतो, पंपाच्या नळीत राहिलेले तणनाशक असते. टोमॅटो, वांगी, वाल, कापूस यांना त्याचा अंशही सोसत नाही. परसबागेला हातपंप वेगळाच ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी आणि तो उसात नेऊ नये.

किडीसाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क पुरे: ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्री पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर करावे, साबणाचा थोडा फेस मिसळून संध्याकाळी फवारावे. कडेला झेंडू लावावा. भेंडीची पाने पिवळी पडून शिरा उठल्या, म्हणजे हळद्या आला, तर झाड उपटून टाकावे. ते बरे होत नाही. पांढऱ्या माशीने तो रोग शेजारच्या झाडांवर जातो.

घरच्या खाण्याच्या भाजीवर जहाल औषध मारू नये हे सांगायची गरज पडू नये. पण पडते.

चुलीवर

आता जिन्नस घरात आला. त्याचे काय करावे हे आम्ही माउल्यांना शिकवावे, असा आमचा आव नाही. गटात फिरताना ठिकठिकाणी जे खाल्ले, पाहिले, तेवढेच लिहितो.

एकाच दिवशी सगळे थोडे थोडे निघते: दोन मुठी पालक, मूठभर चुका, चार पाने चाकवत, थोडी मेथी. एकाची भाजी होत नाही. तेव्हा गरगट करावे. सगळा पाला धुऊन चिरून, तुरीची डाळ आणि मूठभर शेंगदाणे घालून शिजवावा, रवीने घोटावा, आणि वरून करडीच्या तेलात लसणाची लाल फोडणी. आंबटपणा चुक्याचा पुरतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर वाडगाभर गरगट खाल्लेला माणूस दुपारी दमत नाही.

अंबाडीचे थोडे वेगळे. तिचा पाला आधी उकडून पाणी पिळून टाकावे लागते, नाहीतर दात आंबतात. मग त्यात ज्वारीच्या कण्या आणि डाळ शिजवून घोटायची. इतर पालेभाज्यांचे पाणी मात्र ओतून देऊ नये, वरणात घालावे. भाजी चिरून मग धुण्याची पद्धतही सोडावी. आधी धुवावी, मग चिरावी.

शेवग्याच्या शेंगा सगळे खातात, पाला जनावरांपुढे टाकतात. हा उलटा व्यवहार आहे. कोवळा पाला ओरबाडून धपाट्याच्या पिठात कोथिंबिरीसारखा घालावा. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, तीळ, हळद, तिखट, लसूण. मुलांना पत्तासुद्धा लागत नाही. उन्हाळ्यात इतर भाजी आटते तेव्हा शेवगा हिरवा असतो, म्हणूनच दोन झाडे सांगितली.

कोवळी मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून, शेंगदाण्याचा कूट, तिखट-मीठ आणि कच्चे तेल घालून केलेला घोळाणा तर चूल पेटवायच्या आधीच तयार होतो. त्यावर लिंबू पिळावे. चवीसाठी तर खरेच, पण लिंबामुळे पाल्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला की उलटे होते, लोह वाया जाते. चहा तासाभराने प्यावा. पालेभाजी लोखंडी कढईत करावी, पण त्यात ठेवून देऊ नये.

गवार, कारली, वांगी जास्त निघाली की फोडी करून उन्हात वाळवाव्यात. भर पावसात येसर आमटी आणि या वाळल्या फोडींची भाजी असे जेवण आम्ही केज भागात जेवलो आहोत. त्या दिवशी बाजाराची वाट बंद होती, पण कोणाला आठवणही आली नाही.

दुधीबद्दल एकच. शिजवण्यापूर्वी तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर फेकून द्यावा, रस तर मुळीच पिऊ नये. कडू दुधीने विषबाधा होते.

बी घरचे

पहिल्या वर्षी बी विकत घ्यावे, पण पाकिटावर वाचून. संकरित बियाणाचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही. सरळ जातीचे येते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी सरळ जातीची. हळद्याला ती चांगली टिकायची. आता पूर्वीइतकी टिकत नाही, तरी बी धरायला सोयीची आहे. खामगाव (ता. गेवराई) आणि डिघोळअंबा (ता. अंबाजोगाई) येथील कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करावी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या आणि इतर भाज्यांच्या गावरान जातींचे बी जमवून घरातच बँक उभी केली. 'बायफ' संस्थेची साथ मिळाली, आणि २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंकडे बी मागायला शिकलेली माणसे जातात. आपल्याही गावात एखाद्या आजीच्या गाडग्यात राखेत घोळलेले वालाचे बी असेल. ती असेपर्यंत मागून घ्यावे. सगळ्यांत चांगल्या वेलाची पहिली शेंग खाऊ नये, बियाला राखावी, हे तीच सांगेल.

टोळीसाठी चार वाफे

शेवटी, ज्यांच्या फडावर टोळी उतरते त्यांच्यासाठी. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. आपल्या सभासदांपैकीही काहींचे भाऊबंद पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोपीत राहून हंगाम काढतात. पाच-सहा महिने कोपीत पालेभाजी म्हणून काही मिळत नाही. पहाटे फडात उतरणारी बाई बाजाराला जाणार केव्हा? कोपीच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सांडव्याजवळ सभासदाने चार वाफ्यांची जागा द्यावी. बियाला खर्च नाही. स्वयंपाकघरातले मेथीदाणे उगवतात, एका वाफ्याला मूठभर पुरतात. घरचे धने हलके रगडून दोन फोडी केल्या की तेही उगवतात. सांडव्याचे पाणी स्वच्छ असावे, धुण्याचे नको, एवढे पाहावे. कोपी उभी राहील त्याच आठवड्यात बी टाकले तर महिन्याच्या आत मेथी खुडता येते. मध्येच टोळी दुसऱ्या फडावर हलली, तर तिने जाताना वाफा खुडून न्यावा. मागे राहील ते पुन्हा फुटते, आणि ते सभासदाच्या घरी शिजेल.